बोटाला काहीच लागलं नाही

पापडाचं पीठ मळत होते तेव्हा फोन वाजला. "जयभीम मावशी... आई गेली," वत्सलाताईंचा मुलगा म्हणाला. आदल्याच रविवारी ताई आमच्या गच्चीवर आल्या होत्या. नेहमीसारखं कठड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. "पाह्य, काहीच नाही," त्या म्हणाल्या, आणि चेहरा असा, की जणू डॉक्टरांचा वाईट रिपोर्ट हातात आलाय.

ताई भिलाईतल्या शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झाल्या. घर आमच्याच गल्लीत, रसमड्याकडे, कोळसा जाळून स्पंज आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, बनवणाऱ्या एका कारखान्यामागे. आम्ही गल्लीतल्या बाया पापड करून सुपेल्याच्या बाजारात देतो. पूर्वी वाळवणावर काजळी पडायची आणि दुकानदार माल परत करायचे. एकदा ताईंनी आम्हाला गोळा केलं. कोण पापड आणणार, कोण बोलणार, कोण पोरं सांभाळणार, ते मी ठरवून दिलं आणि आम्ही काळे पापड थेट मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवले. काही महिन्यांत चिमणीला फिल्टर बसला. पापड पांढरे झाले, कारखान्याची कँटीनच आमची गिऱ्हाईक झाली. आम्ही ताईंना हार घातला. हार गळ्यात असतानाच त्यांनी विचारलं, "कोळशाचे ट्रक कमी झाले का व?"

झाले नव्हते. उलट वाढले होते. "फिल्टर काजळी धरते," त्यांनी समजावलं. "कार्बन डायऑक्साइड तसाच निघून जाते. त्याले ना रंग, ना वास. अन् वजन जाळलेल्या कोळशाहून जास्त, कावून का हवेतला ऑक्सिजन संग घेऊन जाते." मग त्यांनी तोच मोजायला घेतला, एकट्या आमच्या कारखान्याचा नाही, सगळ्या छत्तीसगढचा. कारखान्यांना पत्रं पाठवायच्या, कोळसा किती जाळता विचारायच्या, त्यावरून हिशेब लावायच्या. बरेच जण उत्तरच द्यायचे नाहीत. "उत्तर नाही म्हणजे शून्य नाही," एवढं म्हणून पुन्हा पत्र लिहायच्या. बेरीज खाली आलेली मी कधी ऐकली नाही. आभाळ मात्र दरवर्षी निळंच होत होतं...

मग कारखान्याला आणखी एक भट्टी हवी झाली. त्यासाठी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनवाई लागली. मी घरोघरी फोन केले. "कावून येऊ जी?" आमच्या पापडवाल्यांतली पुष्पा म्हणाली. "आता त काजळीच नाही. गिऱ्हाईक तोडता का आमचं?" शेवटी आल्या सगळ्याच, पण कंपनीनं तिथे ठेवलेल्या जेवणाला पापड आमचेच होते म्हणून. ताईंनी उभं राहून विचारलं, नव्या भट्टीत कोळसा किती जळणार? कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "मैडम, धुआँ कहाँ है? दिखाइए!" मांडव हसला. सगळ्यात आधी आमच्याच बाया हसल्या. ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं माइक पुढच्या माणसाकडे दिला. भट्टीला मंजुरी आली.

घरी येताना मी चिडून म्हणाले, "मग काय ताई, काळेच पापड बरे होते?"

"नाही व," त्या म्हणाल्या. "पण तवा तुम्ही माझ्यासंग होत्या."

आता ताई नाहीत, आणि काल नव्या जनसुनवाईची नोटीस लागली. अजून एक भट्टी. संध्याकाळी कँटीनमधून पापडाची ऑर्डरही आली, त्याच दिवसासाठी. मी सवयीनं कागद घेतला, कोण कोण येईल ते लिहायला. माझं नाव लिहिलं. पुढे पुष्पाचं लिहिलं, खोडलं. मग गच्चीवर गेले. आभाळ लख्ख होतं. कारखान्याच्या दोन्ही चिमण्या बंद असल्यासारख्या उभ्या होत्या आणि खाली फाटकापासून पार रस्त्यापर्यंत कोळशाचे ट्रक रांगेत थांबले होते. मी कठड्यावरून बोट फिरवलं...

काहीच लागलं नाही.