मागच्या बाकावरचा उपास

आमच्या चर्चमध्ये कम्युनियनची खरी भूक असलेला माणूस एकच, मागच्या बाकावरचे काका. बाकी आम्ही सगळे रांगेत जाऊन येतो, एवढंच. रविवारच्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, वेदीपुढं जाऊन फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायची, तिला आम्ही कम्युनियन म्हणतो. जिच्यासाठी आमची मंडळी जांभया देत, मोबाईल खिशात सारत उठतात, ती भाकर या माणसाला लग्नाच्या दिवसापासून बंद झाली. कारण काकांनी लग्न केलं ते मलकापूरच्या एका हिंदू घरातल्या मुलीशी, आणि तेही कचेरीत सह्या ठोकून. चर्चच्या लेखी ते लग्नच नव्हे, म्हणून कम्युनियन नाही. काका यावर कधी कुणाशी भांडले नाहीत. "नियम हाय, ताई. गाडीत पेट्रोल न्हाई तर मेकॅनिकला शिव्या देऊन काय व्हनार?" म्हणायचे. सांगलीत त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे देवाधर्माची सगळी उदाहरणं तिथूनच यायची.

कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नसतं. आम्ही तो तास घड्याळावर डोळा ठेवून, शेवटचा पोह्यांचा घास कसाबसा वेळेत गिळून पाळतो. काका शनिवारच्या रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत. मिळणार काही नाही, तरी उपास! काकू दारात उभ्या राहून तोंडाचा पट्टा सोडायच्या, "आवं, तितं तुमाला कोन वाढत न्हाई, मग उपाशी कुनापायी जाताय?" काका चपला घालत म्हणायचे, "बोलावलं आनि पोट भरलेलं असलं तर?" एकदा तर भर मिस्सेत चक्कर येऊन आडवे झाले. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी बिस्किट पुढं केलं, तर ते त्यांनी हातानं मागं सारलं. कम्युनियन अजून वाटायचं होतं ना!

बरं, स्वतःला मिळत नाही म्हणून गप्प बसावं? नाव नको. मिस्सा संपली की दारात उभं राहून एकेकाची झाडाझडती. "ताई, हात असा पुढं केलासा, जनू कंडक्टरकडं तिकीट मागताय." "गड्या, आमेन जोरात म्हन की रं, घसा बसलाय व्हय?" माझ्या लेकीच्या पहिल्या कम्युनियनला माझ्याआधी हेच रडले. बाहेर आल्यावर तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कसं लागलं गं?" ती म्हणाली, "काही चवच नव्हती, काका." काका इतके खूश झाले की विचारू नका. "व्हय, व्हय, तसंच असतंय," म्हणत राहिले. त्यांना आठवत होतं ते अजून तसंच होतं.

यावर तोड नव्हती असं नाही. काकूंनी धर्म बदलायची गरज नव्हती. दोघांनी एकदा वेदीपुढं उभं राहून वचनं दिली असती, की सगळं सुरळीत. प्रत्येक नव्या फादरांनी हे सांगून पाहिलं. मीही एकदा गॅरेजवर काकू भेटल्या तेव्हा चोंबडेपणा केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या लग्नापायी माज्या बापानं माज्या नावानं आंगोळ केली. आता तुमचं फादर म्हनत्यात, ते लगीनच न्हवतं. मग बापानं ती आंगोळ कशापायी केली वं?" काका मान खाली घालून स्पार्क प्लग पुसत होते. त्यांनी काकूंना जन्मात कधी 'चल' म्हटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. काकांनी सगळं त्यांच्या माहेरच्या रीतीनं केलं, कृष्णेत रक्षा सोडली. पुढं काही दिवसांनी आमचे तरुण फादर आपण होऊन गॅरेजवर गेले. आता अडचण उरली नाही, कन्फेशनमध्ये पापं कबूल करा आणि कम्युनियनला या, म्हणाले. सगळ्या चर्चला कोण आनंद! ईस्टरच्या आधी काका दाढी करून, पांढरा शर्ट घालून कन्फेशनच्या रांगेत माझ्यापुढं उभे राहिले. आत गेले, थोड्या वेळानं बाहेर आले ते तडक आपल्या बाकावर. मी रांग सोडून मागं गेले.

"काय झालं, काका?"

"फादर लय चांगला मानूस हाय, ताई. म्हनले, नियमाबाहेर संसार केला त्याचा पस्तावा हाय, एवढं म्हना. म्या म्हनलं, दारूचा हाय. आईला वाकडं बोललो त्याचा हाय. गिऱ्हाइकाला जुना पार्ट नवा म्हनून बसवला, त्याचा बी हाय." मग हातानं पुढच्या बाकाची कड पुसली. "तिचा न्हाई वं. खोटं बोलून तोंडात कसं घ्यायचं?"

आता दर रविवारी शेवटचा माणूस कम्युनियन घेऊन वळला तरी फादर भाकरीचं भांडं लगेच झाकत नाहीत. मागच्या बाकाकडं बघत थोडे थांबतात. आम्ही सगळे गुडघ्यावर, डोळे मिटलेले, पण एकूण एक कान मागं लागलेला. बाक वाजत नाही. फादर झाकण ठेवतात. माझ्या जिभेवर भाकर विरघळत असते आणि माझ्या मनात येतं, देवा, ते काही उठायचे नाहीत. तूच जा की रे मागच्या बाकापर्यंत.