अर्धा फेरा

“थांबा की मालक, ऐकू द्या.”

मिस्त्रींच्या तोंडचं हे वाक्य मी चार महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं, की त्यांचे नुसते ओठ हलले तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. चाक मांडीवर घ्यायचं, एकेक तार नखानं छेडायची, मान कलती करून डोळे मिटायचे. तार ढिली असली की “बोलत न्हाय ही” म्हणायचं आणि चावीनं अर्धा फेरा द्यायचा. मग पुन्हा पहिल्या तारेपासून. एका चाकाला साठ तारा आणि चाकं चार. माझं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं सायकलचं दुकान होतं. डुगडुगणारं चाक सरळ करावं तर त्यांनीच, असं सगळे म्हणत. माझं काम मात्र सायकलचं नव्हतं. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. तिला तारांची चाकं बसवायची हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. ते राहूनच गेलं. आता त्यांचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टर नीट काही सांगत नव्हते, म्हणून मी हट्टानं बाहेरून चाकं मागवली. पार्सल उघडलं तर चारही चाकं प्रवासात वाकलेली! मोटारीच्या गॅरेजवाल्यांनी हात जोडले आणि मिस्त्रींकडे बोट दाखवलं.

दादा व्हरांड्यात बसून रोज विचारायचे, “आज बसतील का रे?” आणि मी रोज तणतणत दुकानात जायचो.

“मिस्त्री, कधी होणार?”

“हुतंय की.”

“कालही हेच म्हणालात!”

“काल बी हुतच हुतं की.”

एकदा तर मी रागानं चाक उचलून निघालोच. त्यांनी अडवलं नाही, फक्त दोन चहा सांगितले. मी मुकाट्यानं चाक खाली ठेवलं आणि चहा प्यायलो.

शेवटी तो दिवस आला. आमच्या अंगणात मिस्त्रींनी चाकं ज्यांवर बसतात ते जुने हब काढून चाकांसोबत आलेले नवे बसवले, त्यावर चाकं चढवली आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध असतं ते एकच मोठं नट लाकडी हातोड्यानं ठोकून आवळलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार होते. पण मिस्त्रींनी नटापासून हबपर्यंत खडूची एक रेघ ओढली आणि म्हणाले, “आदी रिकामी फिरवा.”

मी कॉलनीला दोन चकरा मारल्या. फाटकाबाहेर थांबलो तशी मिस्त्रींनी वाकून चाकं पाहिली. चारही रेघा तुटल्या होत्या. चाक फिरेल तशी आपोआप आवळत जायची ती नटं उलट सुटत होती!

“उतरा खाली, मालक.”

चूक त्यांचीच होती. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे पन्नास वर्षं त्यांच्या हातात मुरलेलं. म्हणून उलट्या आट्यांचे हब त्यांनी डावीकडे बसवले. या मोटारीला ते उजवीकडे लागतात. सगळं पुन्हा खोलायचं.

माझा तोल गेला. “त्यांच्याकडे दिवस किती उरलेत, ठाऊक आहे का तुम्हाला?” मी भर रस्त्यात ओरडलो. त्याची लाज मला अजून वाटते.

मिस्त्री आत गेले आणि दादांसमोर हात जोडून उभे राहिले. “थोरलं मालक, माज्याकडनं चुकलं. चार दिस द्या.”

दादा हसले. “करा सावकाश. मी बसलोय.”

चौथ्या दिवशी मी दादांना शेजारी बसवून विजापूर रस्त्यानं दूरवर नेऊन आणलं. दादा जाता-येता कडेनं वाकून पुढचं चाक बघत होते, लहान मुलासारखे. परत आलो तेव्हा मिस्त्री फाटकाशी डोळे मिटून उभे होते. आम्ही त्यांच्यासमोरून आत आलो तेव्हा कुठे त्यांनी ते उघडले. तीन आठवड्यांनी दादा गेले. मला ती एक फेरी मिळाली, ती या माणसामुळे.

पुढे मिस्त्रींची नजर गेली. दुकान बंद करून ते माळशिरसकडे मुलाच्या घरी राहायला गेले. कुठली तार नरम वाटली की मी त्यांना फोन लावायचो. “फोन चाकापाशी धरा की,” ते म्हणायचे. मी तार छेडायचो, ते ऐकायचे. “अर्दा फेरा द्या. बास.” तेवढ्यानं चाक सरळ व्हायचं.

गेल्या महिन्यात मागच्या चाकाची तार बोलेना. पलीकडून फोन उचललेला दिसताच मी सवयीनं तो चाकापाशी नेला, तार छेडली आणि थांबलो. बराच वेळ पलीकडून काही नाही. ते ऐकताहेत असंच मला वाटलं. मी पुन्हा छेडली.

“कोन बोलतंय?” बाईचा आवाज आला. त्यांची सून. “मामा गेलं की हो, सोमवारी.”

चावी माझ्या हातात होती. किती फेरा द्यायचा, ते मला कळेना. ती तार मी अजून तशीच ठेवली आहे.