गव्हर्नर होण्याआधी साहेबांनी उचललेली लाठी

ज्या साहेबांबद्दल सांगतोय ते पुढं देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. आवाज न चढवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. ती खोटी नाही. पण त्यांच्याच हातून एका पोलीस शिपायाचा खांदा मोडताना मी पाहिलाय.

निजामाचं संस्थान देशात विलीन होऊन काही वर्षं झाली होती. निजामाचा हाली सिक्का बंद व्हायचा होता आणि लोकांना त्याऐवजी देशभर चालणारा कलदार रुपया मिळणार होता. मी मूळचा तुळजापूरचा, नोकरीला मात्र कर्नाटकाकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत कारकून. नाणी बदलण्याच्या कामावर देखरेख करायला बँकेनं मुंबईहून या साहेबांना पाठवलं. तिशीतले, सडपातळ, जाड चष्म्याचे. जेवायला आमच्याकडं असत. कडक भाकरी त्यांना चाववत नसे, म्हणून आई ती दुधात कुस्करून द्यायची.

मुदत संपत आली तशी बाजारात आवई उठली की उद्यापासून हाली कुणी हातात धरणार नाही. सकाळी बघतो तर आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मागून रेटा आला, फाटक निखळलं, माणसं भिंतीवर चेंगरली. कुणीतरी दगड भिरकावला, तो बंदोबस्तावरच्या फौजदाराच्या कपाळावर बसला. त्यानं लाठ्या चालवायला सांगितलं.

मग डोकी फुटायला लागली. पिशव्या फाटून नाणी मातीत सांडली. ती वेचायला वाकलेल्यांच्या बोटांवर लाठ्या बसल्या. पडलेल्यांच्या अंगावरून पळणारे पळाले.

कचेरीच्या पायरीवर एक म्हातारी कोसळली होती. एक तरणा शिपाई तिला मारत सुटला होता. ती ओरडतही नव्हती, नुसते हात आडवे धरत होती.

"थांबवा त्याला," साहेब खिडकीतून म्हणाले. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. ते बाहेर धावले, मी त्यांच्या मागं. वाटेत पडलेली एक लाठी त्यांनी उचलली आणि शिपायाच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला आला. शिपाई खाली बसला तरी साहेब मारतच राहिले. शेवटी मी कमरेला मिठी घालून त्यांना मागं ओढलं.

शिपाई पडलेला लोकांनी पाहिला आणि मार खाल्लेले सगळे त्याच्यावर तुटून पडले. दगड, चपला, हाताला येईल ते. साहेबांनी मला झटकलं, लाठी टाकली आणि त्या शिपायाच्या अंगावर पालथे पडले. मग तो सगळा मार त्यांच्या पाठीवर बसला. जादा पोलीस येईपर्यंत ते हलले नाहीत. त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि तोंड रक्तानं भरलं होतं.

म्हातारी त्याच दिवशी दुपारी गेली.

चौकशीत साहेब एवढंच म्हणाले, "मीच मारलं. कुणी सांगितलं म्हणून नाही." त्यांची बढती अडली, दूरच्या शाखेत बदली झाली. शिपायाचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नोकरी सुटली आणि तो माकणीला आपल्या शेतावर परतला.

साठच्या दशकात साहेब सोलापूरला दौऱ्यावर आले. तोवर ते बँकेत पुन्हा वर चढले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मला माकणीला न्याल?" ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा तो शिपाई अंगणात डाव्या हातानं कुऱ्हाडीनं कडबा तोडत होता. त्यानं साहेबांना ओळखलं. माझी नजर कुऱ्हाडीवर गेली. पण त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली, दाराशी टेकलेली काठी घेतली आणि साहेबांच्या तोंडावर ओढली. चष्मा उडाला. दुसरा फटका मानेवर बसला. मी पुढं झालो तर साहेबांनी हात करून मला थांबवलं.

त्याची बायको धावत आली आणि तिनं काठी धरली. "दारात पावनं हायती. पुरं करा आता."

तो मटकन खाली बसला. धाप लागली होती.

"ती म्हातारी म्या मारली," तो म्हणाला. "त्येचं मला कुणी कायबी इचारलं न्हाय. समद्यांनी खांद्याचंच इचारलं."

"मी विचारतो," साहेब म्हणाले. ते त्याच्यासमोर मातीत बसले. गालावरून रक्त सदऱ्यावर उतरत होतं.

"पैल्यांदाच लाठी हातात आल्ती. लई भ्यालो हुतो. तिचा हात पायाला लागला, वाटलं कुणीतरी खाली वढतंय. मग थांबताच आलं न्हाय."

साहेबांनी गालावरचं रक्त बाहीनं पुसलं. मग म्हणाले, "मी भ्यालो नव्हतो. मला मारायचंच होतं."

बायकोनं पाणी आणलं, हळद आणली. गाल तिनंच बांधला.

पुढं ते गव्हर्नर झाल्याची बातमी आली, तेव्हा ती सांगायला मी मुद्दाम माकणीला गेलो.

"व्हय का," तो म्हणाला आणि बैल सोडायला उठला. बायकोनं मात्र विचारलं, "आता इकडं येत्याल का ते?"

"येतील की," मी म्हटलं. ते आले नाहीत.