डावी सीट आणि उघडा फिल्टर

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या दसऱ्याला, सकाळी, गाडीपुढे नारळ फुटला त्या क्षणी. करणारा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याने गाडीचं डावं दार उघडलं आणि जी सीट मला कबूल केली होती तिच्यावर आपल्या होणाऱ्या मेहुण्याला बसवलं. मोर्चाच्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोणावर, कधी आणि कोणी हे आलंच पाहिजे, असं मला शिकवलंय. ते आलं. आता बाकीचं.

त्या गाडीला सीटच दोन. बुटकी, लाल, छप्पर मागे सरकवता येणारी जुनी स्पोर्ट्स कार. मुंबईच्या कुणाला तरी ती ठेवायला जागा नव्हती म्हणून दादाकडे आली. नाशिकजवळ मखमलाबादला आमचं घर, दारात वडिलांचा झेंडू, मागे दादाचं जरबेराचं पॉलीहाऊस. क्रेटच्या थप्पीशेजारी ती गाडी उभी राहिली तेव्हा आई म्हणाली, "हिच्यात माल किती मावंल?"

मला मात्र गाडी बघताच कळलं की दुसरी सीट माझी. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लहानपणापासून मी. बाईकच्या मागे मी. दादा कॉलेजला जायचा तेव्हा वाटेत मला शाळेत टाकायचा, आणि गिअर कधी बदलायचा हे मी मागून मोठ्याने सांगायचे. तो मुद्दाम उशिरा बदलायचा, मी ओरडावं म्हणून.

गाडी घेतल्यावर त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती एअर फिल्टरची. जुना कंपनीचा कागदी फिल्टर काढून बाहेरचा चांगला बसवायचा. तो मला म्हणाला, "माय, तूच निवड. घरात फिल्टरमधलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

ही थट्टा नव्हती. ताडपत्री न टाकता खडी नेणाऱ्या डंपरविरुद्ध आमचा कार्यकर्त्यांचा गट बोंब मारतोय. एकदा आम्ही गॅरेजांमधून फेकलेले, धुळीने भरलेले एअर फिल्टर गोळा केले आणि महापालिकेच्या पायऱ्यांवर ताटांत वाढून ठेवले. शेजारी पत्रक: "नाशिककरांनो, जेवायला बसा." ते फिल्टर मी हाताने झटकले होते. कुठला किती धूळ धरतो आणि कुठला नुसता धरल्याचं सोंग करतो, हे माझ्या नखांत बसलं होतं.

"निवडलास तर पहिली चक्कर तुझ्याबरोबर," दादा म्हणाला. "दसऱ्याला पूजा झाली की चांदवडपर्यंत. छप्पर उघडं टाकून."

मी अगदी मनापासून कामाला लागले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टवाल्याचं डोकं खाल्लं. प्रकार मुख्यतः दोन. एक म्हणजे शंकूसारखा उघडा फिल्टर, गॅरेजवाले त्याला कोन म्हणतात. याला डबा नसतो. बॉनेटखाली उघडाच बसतो, तेल लावलेल्या सुती जाळीचा. हवा भरपूर ओढतो आणि ओढताना असा घुमतो की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. दुसरा चपटा, कोरडा. मूळच्या बंद डब्यातच बसतो. आवाज नाही, दिखावा नाही, पण कागदी फिल्टरपेक्षा श्वास मोकळा आणि धूळ बाहेर. मी चपटा निवडला. दादाने तो आणलासुद्धा.

मग मेहुणा आला. दादाचा साखरपुडा नुकताच झाला होता, म्हणून चार दिवस राहायला. पुण्याचा. बूट पांढरे, आणि आमच्या अंगणातून फिरूनही पांढरेच. त्याने माझा फिल्टर खोक्यातून काढला, उलटासुलटा केला आणि दादाला विचारलं, "जिजाजी, हे काय, कुलरची जाळी?"

दादा हसला. ते हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. माझ्याबरोबर तो नाकातून हसतो. हे घशातून होतं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांसारखं.

"स्पोर्ट्स कारला उघडा कोनच पाहिजे," मेहुणा म्हणाला. "आवाज नाही तर गाडी कशाला घेतली?"

मी म्हटलं, "उघडा फिल्टर इंजिनची गरम हवा ओढतो. आणि दसऱ्याला आई बॉनेट उघडायला लावणार. नवं दिसेल त्याला हळद-कुंकू लावणार. आमच्याकडे फवारणीच्या पंपालाही लावतात. फिल्टरला लावलं की संपलं."

"ताई, फिल्टरला कुंकू!" तो इतका हसला की त्याला खोकला आला. "यावर पण मोर्चा काढणार का?"

"काढेल हो ती," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन कोन घेऊन आले. बसवलाही दोघांनीच. मी पॉलीहाऊसच्या दारातून बघत होते. दादा पाना मागायचा, मेहुणा भलताच द्यायचा, आणि दादा "असू दे, असू दे" म्हणायचा. मी चुकीचा पाना दिला असता तर माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. जळफळाट म्हणा याला. मीही तेच म्हणते. माणसाला स्वतःच्या जागेवर दुसरा बसलेला दिसला की जे होतं त्याला सभ्य शब्द नाही, आणि मला शोधायचाही नाही. तो माझ्या भावाला जिजाजी म्हणायचा तेही मला सहन व्हायचं नाही. तो तुझा जिजाजी नंतर होईल, माझा दादा आधीपासून आहे.

दसऱ्याला वडील फुलं घेऊन पहाटेच बाजारात गेलेले. ट्रॅक्टर, पंप, वजनकाटा, सगळ्यांची पूजा करून आई गाडीपाशी आली. "नवं काय बसवलं ते दाखव आधी. नव्याला लावल्याबिगर पूजा व्हत नाय."

दादाने बॉनेट उघडलं. आईने हळद-कुंकू पाण्यात कालवलं होतं, पत्र्यावर टिकावं म्हणून. तिने कोनावर बोटांनी स्वस्तिक काढलं. हात सैल, मन मोठं. मग ओंजळभर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. मी म्हटलं, "दादा, पुसून घे. पाकळ्या जाळीत ओढल्या जातील."

"आजच्या दिवशी कुणी पुसतं व्हय गं?" आई म्हणाली.

"ताई, आज तरी पत्रक नको," मेहुणा म्हणाला.

नारळ फुटला. दादाने डावं दार उघडलं. मी पुढे झाले, केसांना रुमाल बांधून, कारण छप्पर उघडं असणार होतं. त्याने मला हाताने जरा बाजूला केलं. जरासंच. "पाहुणा आहे गं," म्हणाला, आणि गाडी घुमत गेली. आवाज चांगला होता, हेही लिहिते.

फोन आला तेव्हा मी रुमाल सोडलासुद्धा नव्हता. गाडी चांदवडच्या वाटेवर, ओझरच्या अलीकडे गुदमरून बंद पडली होती. "तुझा तो फिल्टर आण," दादा म्हणाला. "आणि जुना डबा. पाइपसकट."

मी डबा स्कूटीच्या पायाशी ठेवला आणि निघाले. मेहुणा सर्व्हिस रोडवर सावली शोधत उभा होता. बॉनेटखाली कोनाची दशा बघण्यासारखी. तेल, हळद, कुंकू यांचा लेप होऊन जाळी बुजलेली, वर पाकळ्या चिकटलेल्या. हवा जायला जागाच नव्हती. दादाने कोन काढला. मी डबा धरला, त्याने पट्ट्या आवळल्या. आम्ही दोघं जोडीने काम करत होतो, आणि तेवढा वेळ मी सुखात होते. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दादाने हात पुसले. "बरं झालं आलीस. आम्ही आता चांदवडला जाऊन येतो. तू नीघ, आई वाट बघत असेल." मेहुणा डावीकडे बसलासुद्धा.

मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. रीतसर. पाय रोवून, हात मागे, आम्ही डंपरपुढे उभे राहतो तशी.

"हे काय?" दादा.

"रास्ता रोको."

"घरच्या माणसांपुढे?"

"घरच्याच माणसांनी शब्द मोडलाय."

मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला, पुढून मागून झेंडूने मढवलेला. त्यावरचे बाबा ओरडले, "काय मागणी हाय, ताई?"

"डावी सीट!"

"मंग देऊन टाका ना राव! लय काम हाय आम्हाला!"

मेहुणा दादाकडे बघत होता. दादा स्टिअरिंगकडे. ट्रॅक्टरने हॉर्न धरून ठेवला. शेवटी मेहुणा उतरला आणि माझ्या स्कूटीची चावी मागितली. पांढऱ्या बुटांनी त्याने किक मारली, दोनदा चुकवली. मला हसू आलं, दादाला नाही.

मी बसले. पिंपळगाव गेलं, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छप्पर उघडं, डब्यातला फिल्टर गप्प काम करत होता. दादा आरशात मागे बघत होता. मग म्हणाला, "वाईट वाटलं असेल त्याला."

त्याला!

मी वाट बघत होते की आता माझं नाव निघेल. चांदवडचा घाट दिसायला लागला तरी निघालं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "गिअर बदल." त्याने लगेच बदलला. उशीर केला नाही, ओरडायला जागाच ठेवली नाही. सीट माझ्याखाली होती. पण ती मी हिसकावलेली होती, त्याने दिलेली नव्हती, आणि दोन्हींत किती फरक असतो ते मला चांदवडपर्यंत जाताना आणि परत येताना, असं दोन्ही वेळा कळलं. लग्न झाल्यावर मेहुणा येत राहणार, दर सणाला. दर सणाला मी बॉनेटपुढे उभी राहू का?

नाही राहणार. म्हणून हे पत्रक वाचणाऱ्या तुम्हाला सांगतेय. तुम्ही कुणाला तरी कामाला लावलंय, त्याच्याकडून निवडून घेतलंय, आणि बदल्यात तुमच्या शेजारची जागा कबूल केलीय. तो माणूस तुमच्या घरातला आहे, म्हणून तुम्ही धरून चाललाय की तो समजून घेईल. तो समजून घेत नाहीये. तो रुमाल बांधून अंगणात उभा आहे. आत्ता उठा, पाहुण्याला मागे थांबायला सांगा आणि दार स्वतःच्या हाताने उघडून त्याला बसवा. त्याला मागायला लावू नका.