भाऊजींची रुंद चाकं

माझे भाऊजी क्रिसोफोरो मेल्गारेहो तुलान्सिंगोच्या बाजारपेठेत गाद्या विकतात. गिऱ्हाईक आलं की आधी स्वतः गादीवर आडवे होतात, डोळे मिटतात, एक समाधानाचा सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "मला नका विचारू, तुमच्या पाठीला विचारा." दिवसभर आडवं पडून संसार चालवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तरी संध्याकाळी घरी येतात ते दमूनच.

आमच्या गल्लीत स्पीडब्रेकर आणला तो याच माणसानं. गल्ली चढावर आहे आणि वर घळीपाशी संपते, त्यामुळे यायला-जायला रस्ता एकच. मोटारसायकलवाले सुसाट जायचे हे खरं. भाऊजी वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी नगरपालिकेत इतक्या खेपा घातल्या की शेवटी तिथल्या लोकांनी केवळ यांचं तोंड बंद व्हावं म्हणून दोन मजूर पाठवले. मजुरांनी जेमतेम हातभर रुंद, बोटभर उंच असं काहीतरी लिंपलं. भाऊजी तडक घरात गेले आणि स्वतःच्या पैशांनी आणलेली सिमेंटची पोती ओढत बाहेर आले. "टाका अजून, लाजू नका!" माझ्या बहिणीनं, आंपारोनं, मजुरांना केसादिया खाऊ घातल्या. पोटभर खाऊन त्या दोघांनी जे उभं केलं, त्याला नुसतं स्पीडब्रेकर म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

पुढे कित्येक महिने भाऊजी संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे. एखाद्या टॅक्सीचं पोट खरवडलं की खूश होऊन ओरडायचे, "हळू! इथे माणसं राहतात!"

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक छोटी पांढरी, बाळाच्या बाबागाडीला शोभतील अशा बारीक चाकांची. अर्ध्या शहराकडे तशीच आहे. एका शनिवारी ती पंक्चर झाली आणि भाऊजी नाबोर टायरवाल्याकडे गेले. तिथे भिंतीला चार सोनेरी चाकं टेकवून ठेवली होती. टायर असे रुंद की त्यावर बसून जेवावं.

"ही कुणाची रे?"

"विकायचीत, साहेब. पण तुमच्या गाडीसाठी नाहीत."

हे दुसरं वाक्य नाबोरनं बोलायला नको होतं.

"का? माझ्या गाडीला काय झालं?"

"मडगार्डच्या चार बोटं बाहेर येतील. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासतील. मागे माणसं बसली की घासतील."

"मग मडगार्डची कड आत वळव."

"वळवतो. पण चाकं अशी आणि गाडी उंच, म्हणजे पाण्यातून चाललेल्या कोंबडीसारखी दिसेल."

"मग खाली घे!"

नाबोरनं बिचाऱ्यानं सांगायचं तेवढं सांगितलं होतं. त्यानं स्प्रिंगा कापल्या. टायर आणि मडगार्डच्या फटीत बेसबॉलची बॅट घातली आणि गाडी मागे-पुढे ढकलत पत्र्याची कड आत दाबली. दुपार कलली तेव्हा गाडी तयार झाली. समोरून पाहिलं तर बैठक मारलेला बेडूक.

ती घेऊन भाऊजी आम्हा दोघी बहिणींना आणायला बाजारात आले. आंपारो पुढे बसली, मी नेहमीसारखी मागे, भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन. प्रत्येक खड्ड्याला माझ्या बुडाखालून खर्रर्र आवाज येत होता.

"भाऊजी, काहीतरी जळतंय."

"नवेपणाचा वास आहे तो. तुला सवय नाही, चोले."

 आंपारो पदरी पडलेल्या नवऱ्याकडे पाहत होती. तो घामाघूम होऊन दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता, विहिरीतून बादली ओढावी तसा.

मग आमची गल्ली आली. पायथ्याशी ओब्दुलियाबाई मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या तमाल्यांचं पातेलं मांडून बसल्या होत्या आणि भोवती गिऱ्हाइकं होती. म्हणजे प्रेक्षक तयार होते. भाऊजींनी हॉर्न वाजवला. पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली, पलीकडे उतरली, आणि गाडी पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. चाकं जागच्या जागी फिरत धूर काढत होती.

ओब्दुलियाबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि गोड आवाजात हाक दिली, "अध्यक्षसाहेब, हळू! इथे माणसं राहतात!"

आम्ही दोघी उतरलो. तमाल्यांची गिऱ्हाइकं उठली आणि सगळ्यांनी मिळून गाडी उचलून पलीकडे ठेवली. एकानं तर जाताना बॉनेटला थोपटलंही.

त्या दिवसापासून रोजचा नेम झाला. भाऊजी स्पीडब्रेकरपाशी थांबायचे, आंपारो उतरायची, भाऊजी गाडी तिरपी करून एकेक चाक चढवायचे, खालचा पत्रा किंचाळायचा, आणि आंपारो पलीकडे जाऊन परत बसायची, घर दहा पावलांवर असताना.

"लग्नात फादरसमोर काय म्हणाला होतात?" तिनं एकदा भर गल्लीत विचारलं. "सुखात, दुःखात साथ देईन. 'स्पीडब्रेकर सोडून' असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही."

भाऊजींनी समितीची बैठक बोलावली. विषय काय, तर गतिरोधकाची उंची कमी करणे. कारण काय, तर आजारी माणसांना धक्के बसतात.

"कोण आजारी आहे?" ओब्दुलियाबाईंनी विचारलं.

"उद्या होऊ शकतं ना कुणी!"

"तुम्हीच म्हणाला होतात, एक बोट जरी कमी केलं तर पोरांचं रक्त आपल्या हाताला लागेल. मी रडले होते तेव्हा."

मतदान झालं. उंची कमी करण्याच्या बाजूनं एकच हात वर आला. आंपारोचे दोन्ही हात मांडीवर, विणकामात होते.

तेव्हा मला वाटलं की आता तरी हा माणूस नाबोरकडे जाऊन जुनी चाकं मागेल. पण रविवारी मी दूध आणायला निघाले, तर भाऊजी रस्त्यात गुडघ्यांवर बसलेले. हातात छिन्नी आणि हातोडा.

"डागडुजी करतोय," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले.

सिमेंट मात्र उत्तम होतं. छिन्नी बोथट झाली, तळहाताला फोड आले आणि स्पीडब्रेकरचा खपलीएवढा तुकडा निघाला. मी त्यांना हाताला धरून आमच्या पायरीवर आणून बसवलं आणि फोडांना मलम लावायला घेतलं. खरं तर त्या वेळी मी बरंच काही बोलणार होते. तोंडात तयारही होतं.

"त्या दिवशी सिग्नलला थांबलो होतो," ते हाताकडे पाहत म्हणाले. "शेजारी दोन टॅक्सीवाले. एकानं शीळ घातली आणि म्हणाला, वा उस्ताद, काय चाकं आहेत! मी मागे वळून पाहिलं, आणखी कुणाला म्हणतोय का. मलाच म्हणत होता, चोले. तीस वर्षं मी दुकानात पडून असतो. लोक गादी बघतात, किंमत बघतात. मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही."

माझं बोलणं तोंडातच राहिलं. असं फारसं होत नाही, घरात कुणालाही विचारा.

"मलम चोळू नका, वाळू दे," एवढंच मी म्हणाले.

हे सगळं मी आंपारोला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी ती स्वतः भंगारवाल्याकडे गेली आणि गाडीच्या मूळ उंचीच्या स्प्रिंगा शोधून आणल्या. नाबोरपुढे त्या ठेवून म्हणाली, "गाडी वर कर. चाकं राहू देत. कोंबडी तर कोंबडी."

"चालेल, बाई," नाबोर म्हणाला. "फक्त मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही. वजन आलं की घासणारच."

"कुणी बसणार नाही," आंपारो म्हणाली. मला न विचारता.

आता भाऊजी स्पीडब्रेकर गाडी तिरपी करून का होईना, पण बायकोसकट ओलांडतात. रविवारी दोघं चौकाला फेरी मारतात. आंपारो लिपस्टिक लावून काच खाली करून बसते आणि दर खड्ड्याला नवऱ्याला शिव्या देते. आणि मी बाजारात कोंबीनं, म्हणजे सवारीच्या व्हॅननं, जाते-येते. त्या व्हॅनचं नाव ज्यानं ठेवलं, त्यानं आत बसून पाहिलं असणार.

गेल्या शनिवारी थांब्यावर उभी होते, तर दोघं समोर येऊन थांबली.

"चोले, तुझं वजन नाही चालायचं," आंपारो खिडकीतून म्हणाली, "पण पिशव्या दे. पिशव्या चालतील."

मी पिशव्या मागे ठेवल्या. गाडी हातभर पुढे गेली, खर्रर्र झालं आणि थांबली. भाऊजी उतरले, वाकून मागचं चाक पाहिलं, पिशवीतून दोन भोपळे काढले आणि माझ्या हातात दिले.

"एवढे तू आण," ते अगदी मनापासून म्हणाले. "बाकीचं मी घरी पोचवतो."

कोंबीत त्या दिवशी बसायला जागा मिळाली नाही. घरापर्यंत उभीच आले, दोन्ही काखांत एकेक भोपळा धरून.