बत्तीसशेचा हट्ट

आपल्याच कॉम्प्युटरचा, दोन पंचांच्या सह्यांनिशी, रीतसर पंचनामा करणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं प्राक्तन. पंच म्हणजे मी आणि माझी मेहुणी, म्हणजे त्यांचीच बायको. मी मराठीचा मास्तर. कॉम्प्युटरातलं मला एवढंच कळतं की बंद पडला तर पुन्हा चालू करून बघावा. साडू मात्र महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांच्या मते कुठलीही वस्तू बिघडली की आधी तिची मिसल, म्हणजे सरकारी फाईल, उघडायची आणि मगच तिच्याकडे बघायचं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या मेमरीची चाचणी लावली आणि पडद्यावर चूक दाखवणारी लाल रेघ उमटली की मला फोन यायचा. मी धापा टाकत पोचलो की फाईल पुढं यायची. "गुरुजी, सही करा. दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं, लाल रेघ एक." मी सही करायचो. कशावर, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कॅसेट होती. साडूंची थोरली बहीण, आक्का, मुधोळला राहायची. तिचा नवरा दिवसभर लोकांच्या शेतात राबायचा आणि जयंतीला विहारापुढं खडा आवाज लावून गायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मागं उरली ती एक कॅसेट, आणि तिची फीत इतकी जीर्ण की दुकानदारानं हातात घेऊनच सांगितलं, "एक ही बार बजेगी, अंकल." तेव्हा ती वाजेल त्याच वेळी आवाज कॉम्प्युटरात उतरवून घ्यायचा असं साडूंनी ठरवलं, आणि त्यासाठी सुटे भाग आणून यंत्र स्वतः जोडलं. रंगीत तालीम म्हणून दुसरीच एक कॅसेट लावली, तर तिसऱ्या मिनिटाला पडदा निळा झाला आणि उतरवलेलं सगळं गेलं. साडू पांढरेफटक पडले. आक्काच्या कॅसेटवर असं झालं असतं तर? तेव्हापासून त्यांनी शपथच घेतली की चाचणीत एकही लाल रेघ येईनाशी होईपर्यंत त्या कॅसेटला हात लावायचा नाही.

दोष मेमरीच्या दोन पट्ट्यांचा होता, इथपर्यंत मला समजलं. त्यांच्या डब्यावर वेग बत्तीसशे लिहिला होता आणि त्या वेगाला त्या चुका करत होत्या. पुढं मात्र माझं डोकं चालेना. वेगाचा आकडा मोठा असलेला चांगला, पण टायमिंग नावाचे जे आणखी चार आकडे होते ते म्हणे लहान असलेले चांगले. एकाच गुणपत्रिकेत असं कसं, म्हणून मी विचारलं. साडूंनी मला शिपायाच्या उदाहरणानं समजावलं. "हे पाहा गुरुजी, सायबानं बेल मारली की शिपाई किती वेळानं उठते, ते टायमिंग. उठल्यावर किती फेऱ्या मारते, तो स्पीड. दोनी गोष्टींची घाई केली तर तो फाईल भलत्याच टेबलावर ठेवून देते." मला पटलं. म्हटलं, मग शिपायाला जरा सावकाश चालू द्या ना. साडू माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी सरकारी शिक्का चोरला होता. "डब्यावर बत्तीसशे लिवलं हाये. लेखी हाये!" लेखी आहे म्हटल्यावर त्यांच्यापुढं ब्रह्मदेवाचंही चालत नाही.

मग उपचार सुरू झाले. पट्ट्यांचे सोनेरी दात माझ्या शाळेतल्या खोडरबरानं घासले. डावीकडची पट्टी उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, पुन्हा जागच्या जागी. टायमिंगचा एक आकडा वाढवायचा, दुसरा कमी करायचा, चाचणी लावायची आणि दोन दिवस वाट बघायची. चाचणी चालू असताना मेहुणीला मिक्सर लावायची बंदी, कारण विजेला झटका बसतो. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरपुढं आणि मेहुणी पदरानं वारा घेत ओट्यापाशी. ती एकदा मला म्हणाली, "भाऊजी, माह्यी बी एक मिसल उघडा म्हणा." दुकानदारानं फोनवर सांगून पाहिलं, "अंकल, स्पीड कम कर दो, गाने को क्या फरक पड़ता?" त्याच्याशी साडू महिनाभर बोलले नाहीत. खरं सांगतो, मला त्यांचा राग येत होता. आक्का ऐंशीच्या पुढं गेलेली आणि हे खोडरबर घासत बसलेले.

शेवटी आक्काच एका सकाळी बसनं आली. कूलरपुढं खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काऊन रे, कदी आयकवतं?"

"आक्का, अजून दोन चुका येऊन राह्यल्या."

"तो गाये तवा कोनत्या कमी करे? अन् तुह्यं यंत्र पक्कं होईस्तोर माहे कान राह्यतीन का?"

साडूंनी पट्ट्यांचा रिकामा डबा उचलून त्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी वेग बत्तीसशेवरून चोवीसशेवर आणला आणि टायमिंगचे आकडेही सैल सोडले. चाचणी लावली. जेवणं झाली, चहा झाला, एकही लाल रेघ आली नाही. इतकं सोपं होतं! असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी गिळलं.

टेप कॉम्प्युटरला जोडायची वायर चालेना, म्हणून माईक टेपपुढं ठेवला. कूलर बंद, पंखा बंद, सगळ्यांना श्वासही बेतानं घ्यायचा हुकूम. घाम पुसायचीही चोरी. खरखर झाली आणि खंजिरीमागून तो खडा आवाज आला. आक्कानं डोळे मिटले. दुसऱ्या कडव्यात गाणारा अडखळला, शब्द विसरला, नुसती खंजिरी वाजत राहिली. आणि आक्का मोठ्यानं बोलून गेली, "'दिवा लावला' हाये जी पुढं!" साडूंचं बोट ओठांवर गेलं, पण तोवर टेपमधल्या आवाजानं 'दिवा लावला' उचललं होतं आणि तो पुढं गात सुटला होता. गाणं संपता संपता फीत आत गुरफटली आणि तुटली.

आक्का पुढच्या थंडीत गेली. मधलं तिचं बोलणं सहज काढून टाकता येतं, असं साडूंच्या मुलानं दोनदा सुचवलं. साडूंनी त्याला यंत्राला हात लावू दिला नाही. मी गेलो की कधीकधी ते न सांगताच ते गाणं लावतात. दुसऱ्या कडव्यात तो थांबतो, खंजिरी वाजत राहते, आणि पुढं काय येणार हे पाठ असूनही मी दर वेळी पुढं वाकून वाट बघतो. मग आक्का सांगते, आणि तो गायला लागतो.