आक्काला फोन लावा

"आलो, थांबा!" फोन उचलला की आक्का आधी एवढंच म्हणायची. कोण बोलतंय, काय झालंय, हे नंतर. आमच्या निपाणीकडं बायकाही 'आलो'च म्हणतात. एका हातानं पदर कमरेला खोचायची, दुसऱ्या हातात चपला. त्या पायात जायच्या गल्लीच्या तोंडाशी.

तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेली ही बाई. काम सुटलं, तरी लुगड्याचा उग्र वास सुटला नव्हता. घरी एकटीच. कुणाच्या न्हाणीत साप निघाला, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की गल्लीचा पहिला फोन तिला. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात तर ती सोबत हवीच. तिथल्या खिडकीपाशी आमचं कन्नड ऐनवेळी आटतं. तिचं आटत नसे.

एका उन्हाळ्यात माझी लहानगी पुतणी गळ्यात टॉवेल बांधून गच्चीवरच्या टाकीवर चढली. तिला उडायचं होतं. खालून आम्ही मोठी माणसं "उतर, उतर" म्हणून ओरडत होतो. आक्का आली, मुकाट्यानं शिडी चढली आणि पोरीला काखेत मारून खाली घेऊन आली.

"तू सुपरहिरो आहेस?" पुतणीनं विचारलं.

"म्हंजी काय गं?"

"उडत येतो आणि सगळ्यांना वाचवतो तो."

"उडाय न्हाय येत बाई मला. शिडी चढाय येतंय." मग माझ्याकडं वळून, "तुमास्नीबी येतंय की, सर! शिडी हितंच हुती."

सगळे हसले. आता ते आठवलं की मला एका जागी बसवत नाही. पुस्तक मिटतो, खिडकीशी जातो, परत येतो.

गेल्या वर्षी तिला चार पायऱ्यांतच दम लागू लागला. कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, "आक्का, बेळगावला दाखवून या."

"दाखवू की. पर मला कोण न्हेणार? आक्काला फोन लावू काय?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खोकला येईपर्यंत हसली. कट्टाही हसला. कुणीतरी नेईलच, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

ती पडली सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना, सगळ्यांच्या देखत. घागर एकीकडं, ती एकीकडं. "वारा घाला", "पाणी मारा", "रिक्षा बघा रं!" सगळे सांगत होते, हलत कुणी नव्हतं. कुठं न्यायचं, कुणी उचलायचं, हे ठरवणारीच खाली पडली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "अवो, आक्काला फोन लावा की!"

शेजारच्या आप्पांनी खरोखरच लावला. सवयीनं.

फोन तिच्या कमरेला वाजला.

त्या आवाजासरशी तिचा हात कमरेकडं सरकला. पोचला नाही. ओठ हलले. मी जवळ होतो. "आलो," ती म्हणाली. "थांबा."

मग मात्र आम्ही थांबलो नाही. आप्पांनी आणि मी तिला उचलून गाडीत घातलं. बेळगावच्या वाटेवरचा तवंदीचा घाट चढेपर्यंत माझ्या हातातला तिचा हात गार झाला होता.

पुतणी अजून टीव्हीवर ते उडणारे वीर बघते. मीही मागं उभा राहून बघतो. त्यांच्या ताकदीकडं माझं लक्ष नसतं. हाक गेली की कुणीतरी निघतं, एवढंच मी पाहत राहतो. तुम्हीही कधी गर्दीत उभं राहून कुणाची तरी वाट पाहिली असेल, तर तुम्हाला हे कळेल.

परवा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर ठिणग्या उडाल्या. गल्ली बाहेर आली आणि सगळ्यांची तोंडं आक्काच्या कुलूप घातलेल्या दाराकडं वळली. आप्पांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. तिचा नंबर त्यांनी पुसलेला नाही. मीही नाही.

ठिणग्या पडत होत्या, आणि आम्ही चपला शोधत होतो.